पिंजऱ्यातला भस्म्या

मला लोक तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे गरमपाणी. दोन्ही मला ठाऊक आहे. तलावाच्या उतारावर, जिथून होड्या पाण्यात सोडतात, तिथे माझी एक खोली आहे आणि खोलीबाहेर कढत पाण्याचा पंप. येणारी प्रत्येक होडी आधी माझ्या हाताखालून जाते. बूड, नांगर, दोर, वल्ही, माणसांचे बूट, सगळं धुऊन झाल्याशिवाय मी फाटक उघडत नाही. बादली दिसली की झाकण काढून आत बघते. लोक म्हणतात, अहो ताई, रिकामी आहे ती. मी म्हणते, रिकामी आहे तर दाखवायला काय जातं तुमचं? अकरा वर्षं हेच चाललंय. संशय घेणं हा माझा स्वभाव की माझी नोकरी, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

हे सगळं त्या भस्म्यापायी. कुणीतरी शहाण्याने गळाला लावायला बादलीभर पिल्लं आणली, उरलेली तलावात ओतली आणि हात धुऊन घरी गेला. त्या माशाला खरं नाव आहे, लांबलचक, आमच्या अधिकारी बाईंच्या कागदांवर असतं. आम्ही भस्म्या म्हणतो, कारण त्याला कितीही मिळालं तरी पुरत नाही. तळ उकरतो, पाणवेली मुळासकट उपटतो, पाण्याचा चिखल करतो आणि दुसऱ्यांची अंडी गिळतो. आमच्या तलावात ठिपकी म्हणून एक मासळी आहे. बोटाएवढी, शेपटीजवळ एकच काळा ठिपका. बाई म्हणतात, जगात दुसऱ्या कुठल्या पाण्यात ती नाही. तिला या मेल्याने पार संपवत आणलं होतं. म्हणून मासेमारी बंद झाली, म्हणून जाळेवाल्यांची तुकडी आली आणि म्हणून मी आले. माझ्या खोलीवर पाटी आहे, मीच रंगवलेली. 'भस्म्या दिसला की जागेवर मारा. परत पाण्यात सोडणाऱ्याची गय केली जाणार नाही.' दुसरं वाक्य मी पदरचं घातलंय.

जाळेवाल्यांच्या तुकडीचा मुकादम माझा धाकटा भाऊ. उंच, सडपातळ, तासन्‌तास पाण्यात निश्चल उभा राहतो म्हणून त्याला सगळे बगळ्या म्हणतात. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतराची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून बुटाची गाठ शिकवण्यापर्यंत सगळं मीच केलं. ती गाठ माझी स्वतःची आहे, दोन वेढे आणि एक उलटा फास, ओढली तर घट्ट होते आणि कोपऱ्याला चिमटा घेतला तर सुटते. आमच्या दोघांशिवाय कुणाला येत नाही. मोठा झाल्यावर बगळ्या एका कामावर सहा महिने टिकेल तर शपथ. शेवटी मी तलावाच्या बाईंकडे गेले. बाई कमी बोलणाऱ्या, पण ऐकलेलं न विसरणाऱ्या. त्यांना म्हटलं, याला घ्या, काही वाकडं निघालं तर माझा कान धरा. त्यांनी घेतलं. आणि बगळ्याने काम केलं हो, मन लावून केलं. आता आठ महिन्यांत जाळ्यात एकही भस्म्या आला नव्हता. परवाच्या बैठकीत बाईंनी सांगितलं की पुढचं वर्ष असंच गेलं तर तलाव मासेमारीला खुला करायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि वाजवता वाजवताच मनात आलं, तलाव उघडला की तुकडी बंद आणि तुकडी बंद की बगळ्या घरी. भावजयीला सातवा महिना लागलेला. मी बगळ्याकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत नव्हता.

तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला.

सोमवारी सकाळी तो बूट धुवायला आला तर त्याच्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, दाढ दुखतेय. आणि डाव्या कानाची पाळी चोळली. आता, बगळ्या लहानपणापासून खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो. आठ वर्षांचा असताना त्याने पंख मोडलेला कावळा आठ दिवस कपाटात लपवला होता आणि वास माझ्या मोज्यांचा येतोय म्हणून सांगत होता, तेव्हाही हाच कान. मंगळवारी मी मुद्दाम त्याच्यापुढे अक्रोड ठेवले. गप्पांच्या भरात त्याने त्याच दाढेखाली एक फोडला. मी काही बोलले नाही. बोलले नाही, हे माझ्या बाबतीत विशेष आहे.

बुधवारी तुकडीची गाडी आली. मागे झाकलेला टब आणि त्यातून बारीक गुरगुर, हवा सोडणाऱ्या पंपाची. जिवंत मासा नेतानाच असला पंप लागतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी झाकणाला हात घातला तर बगळ्याने माझं मनगट धरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, ताई, हे तुकडीचं सामान आहे, याला धुवायचं नाही. आवाज मऊच होता, पण मनगट काही त्याने सोडलं नाही. माझ्या जिवाला ते फार लागलं. फाटक मी उघडलं, कारण मुकादमाला अडवायचा अधिकार मला नाही. पण गाडी कुठे वळते ते नीट बघून ठेवलं.

त्याच दुपारी तो आणि बोटवाले काका होडीतून फिरत होते. हे काका तुकडीतले सगळ्यात जुने, बोलायला लागले की थांबत नाहीत. बगळ्याच्या हातात धातूच्या काड्यांचं एक यंत्र होतं, कापड फाटून गेलेल्या छत्रीसारखं. कधी इकडे वळवायचा, कधी तिकडे. संध्याकाळी मी काकांना चहा पाजला आणि सहज विचारलं. काका म्हणाले, ते हवामानाचं आहे. म्हटलं, कसलं हवामान? काकांनी आभाळाकडे बघितलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. मग त्यांना एकदम घरी काम आठवलं आणि अर्धा चहा टाकून गेले. अर्धा चहा टाकणारा माणूस नाही तो.

इथे एक कबूल करते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. रांगेत ताटकळलेल्या माणसांना बोलतं ठेवलं की ती कुरकुरत नाहीत, त्यामुळे ती सवय जास्तच वाढली. वल्हवण्याच्या क्लबच्या सरांचं लग्न मोडल्याचं त्यांच्या आईच्या आधी माझ्या रांगेला कळलं होतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. बाईंना सांगितलं तर भाऊ कामावरून जाईल. भावजयीला सांगितलं तर सातव्या महिन्यात तिचा जीव घाबरा होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट पोटात ठेवली आणि ती आतून नुसती कुरतडत होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून मी निघाले. जुन्या पंपघराच्या मागे तलावाचं एक बोळकांडं आहे, तिन्ही बाजूंनी बोरूचं उंच गवत, तिथे कुणी जात नाही. बुधवारी गाडी तिकडेच वळली होती. मी बोरू बाजूला करत गुडघाभर पाण्यात उतरले. जाळीचा पिंजरा होता, बाकाएवढा. वर सावलीसाठी चटई अंथरलेली. दाराला गाठ. दोन वेढे आणि एक उलटा फास.

आत भस्म्या होता. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पिवळट, तोंड मिटत-उघडत संथ उभा, घरच्यासारखा. त्याच्या पोटाखालून एक बारीक तार लोंबत होती. मी म्हटलं, गळाची तार. म्हणजे गळाने पकडला, मारला नाही, इथे आणून सावलीत ठेवला. लवंगेचा वास त्याच्याही अंगाला येत होता. मला आधी राग आला, मग रडू आलं. तो चटई अंथरून ठेवण्याचा प्रेमळपणा बघून जास्तच आलं. कपाटातल्या कावळ्यालाही त्याने माझी ओढणी अंथरली होती.

मग सगळं जुळलं. बियाणं राखतात तसा बगळ्याने हा राखला होता. तलाव उघडायची वेळ आली की हळूच सोडून द्यायचा, बाईंच्या जाळ्यात पुन्हा भस्म्या यायचे आणि तुकडी चालू. पोटासाठी माणूस काय करेल सांगता येत नाही, हे मी ऐकून होते, पण ते माझ्या हातून जेवलेल्या पोराबद्दल असेल असं मला वाटलं नव्हतं. अकरा वर्षं मी लोकांच्या बादल्या उघडून बघत होते आणि खोटी बादली माझ्याच घरात निघाली.

मी गाठ सोडली. भस्म्याला हातजाळीने काठावर घेतलं आणि पंपाच्या पान्याने डोळ्यांच्या मागे एक घाव घातला. एकच, नियमात आहे तसा. मग पिंजऱ्याची गाठ होती तशी परत मारली, मासा पोत्यात घातला आणि खोलीवर आणून टेबलाखालच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फात पुरला. संध्याकाळी बगळ्याला घरी बोलवायचं, दार लावायचं, हा मासा पुढ्यात ठेवायचा आणि विचारायचं, तलाव उघडला की काम जाईल म्हणून केलंस ना हे? रडवायचं त्याला, कबूल करून घ्यायचं आणि मासा परसात पुरून टाकायचा. कुणाला कळणार नाही. वाक्यंसुद्धा मी मनात लावून ठेवली होती. मला वाटत होतं, मी भावाला वाचवलं.

चार वाजता उताराला तीन होड्यांची रांग होती. पुढे क्लबचे सर, मागे एक नवराबायको, त्यांच्यामागे कुणीतरी. तेवढ्यात तुकडीची होडी काठाला लागली. बगळ्या, काका आणि मध्ये बाई. बाई होडीत बसत नाहीत एरवी, त्यांना मळमळतं. बगळ्याच्या हातात ते काड्यांचं यंत्र होतं आणि त्यातून टक्‌, टक्‌ असा आवाज येत होता, सावकाश.

ते उतरले आणि उतार चढायला लागले. टकटक वाढली. बगळ्या यंत्र डावीकडे फिरवी, आवाज कमी होई. सरळ माझ्या दिशेने धरी, आवाज वाढे. सरांची होडी अर्धी धुऊन झाली होती आणि माझ्या हातातल्या नळीतून कढत पाणी नुसतं जमिनीवर वाहत होतं. ते तिघं रांगेला वळसा घालून माझ्या खोलीत शिरले. मी मागून गेले. टेबलाजवळ त्या यंत्राचे ठोके इतके दाटले की मधली फट ऐकू येईना. बगळ्याने ते बंद केलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, खोका उघडा."

मी उघडला. बर्फ उपसला. लोक दारात गोळा झाले होते, क्लबचे सर सगळ्यांत पुढे. बाईंनी मासा बाहेर काढला, उलटा केला आणि पोटावरचा टाका मला दाखवला. सुबक, बारीक, दोऱ्याचे पाच टाके. तार तिथूनच बाहेर आली होती. तेव्हा मला कळलं की ती गळाची नव्हती.

मग बाईंनी दार लोटलं आणि सांगितलं, न रागावता, जशी बैठकीत आकडेवारी सांगतात तशी. आठ महिन्यांनी हा एक नर हाती लागला होता. लवंगतेलाच्या पाण्यात त्याला भूल दिली, त्याला पिल्लं होणार नाहीत अशी व्यवस्था केली आणि पोटात आवाज देणारा यंत्राचा तुकडा बसवला. असा तुकडा एकच मिळाला होता. दोन दिवस जखम भरायला पिंजऱ्यात ठेवून उद्या पहाटे सोडायचा होता. तलावात उरलेले भस्म्या कुठे दडलेत ते आपल्याला सापडत नाही, पण त्याला सापडतं. वर्षातून एक आठवडा, पाणी तापलं की माद्या अंडी घालायला एका जागी जमतात, आणि नर तिथे जातो. आपण नुसतं त्याच्या मागे जायचं आणि चारी बाजूंनी जाळं टाकायचं. तो आठवडा रविवारी सुरू होणार होता. हे झालं असतं तर भस्म्या कायमचा संपला असता. लोकांना अकरा वर्षं मारा मारा सांगून आपणच एक जिवंत सोडतोय हे बाहेर फुटलं तर गोंधळ होईल, म्हणून फक्त तिघांना ठाऊक होतं.

मी खाली बसले. खुर्ची होती की नाही तेही बघितलं नाही, जमिनीवरच बसले. बगळ्याला म्हटलं, मला का नाही सांगितलंस रे? एका शब्दाने तरी.

"बाई म्हणाल्या होत्या, ताईला सांगून ठेवू. मीच नको म्हटलं." त्याने कानाला हात लावला नाही. "तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी रांगेला कळलं असतं, ताई."

खरं होतं ते. आणि याहून वाईट हे की त्या एका आठवड्यात मी एरवीसारखी बोलले असते, बाईंच्या कानावर घातलं असतं, काकांवर ओरडले असते, कुणाजवळ नुसती पचकले असते, तरी सगळं वाचलं असतं. जन्मभर जे तोंड मिटलं नाही ते मी नेमकं तेव्हाच मिटून घेतलं.

बाई मासा घेऊन बाहेर गेल्या. काका त्यांच्यामागून गेले. बगळ्या थांबला. तो खोक्यातल्या बर्फाकडे बघत म्हणाला, पिंजरा रिकामा आणि गाठ जशीच्या तशी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. तरी यंत्र घेऊन अख्खा तलाव फिरलो. म्हटलं, दुसरीकडे कुठेतरी वाजेल.

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने हात मागे घेतला आणि मी त्याच्याकडे आठवडाभर जसं बघत होते तसं माझ्याकडे बघितलं.

"तलाव उघडला की तुझीही खोली बंद होणार होती, ताई. म्हणून केलंस?"

हेच वाक्य मी त्याच्यासाठी लावून ठेवलं होतं. माझ्या नोकरीचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता, देवाशप्पथ नव्हता. मी तसं म्हणालेही. पण त्याला ते ऐकताना माझ्या तोंडाकडे, हातांकडे, कानांकडे निरखून बघताना मी पाहिलं आणि मला कळलं की मी काहीही म्हटलं तरी आता तो तपासूनच घेणार. मीच शिकवलंय त्याला. दुसरं काय शिकवलंय मी?

रविवारी पाणी तापलं. तुकडीने आंधळेपणाने सहा जागी जाळी टाकली, सगळी रिकामी आली. अडीच महिन्यांनी उत्तरेकडच्या बोरूत नखाएवढी पिल्लं सापडली, झुंडीच्या झुंडी, आणि त्यांच्यात ठिपका असलेलं एकही नव्हतं. बाईंनी अहवालात जे झालं ते लिहिलं, माझं नाव न घालता. मी राजीनामा घेऊन गेले तर त्यांनी तो फाडला नाही, घेतलाही नाही, नुसतं म्हणाल्या, आता तर माणसं जास्त लागणार. तलाव आणखी सहा वर्षं बंद राहणार आहे. तुकडी वाढवली, बगळ्याच्या हाताखाली चार नवी माणसं आली. माझ्या खोलीला नवा पंप मिळाला.

रांगेत आता मी फारशी बोलत नाही, पण कान शाबूत आहेत. क्लबचे सर कुणाला तरी सांगत होते की भावाबहिणीने बरोबर मेळ घातला, दोघांचीही नोकरी पक्की. वळून त्यांना सांगावंसं वाटलं की अहो, तसं नाहीये ते. मग विचार केला, घडलंय तर अक्षरशः तसंच. बाहेरून बघणाऱ्याने दुसरं काय समजावं? मी त्यांची होडी दोनदा धुतली आणि फाटक उघडलं.

बगळ्याला मुलगी झाली. भावजयीने मला बोलावून तिला माझ्या मांडीवर दिली, बगळ्या तेव्हा कामावर होता. आमचं भांडण नाही. तो रोज सकाळी सहाला उतारावर येतो, बूट पुढे करतो, मी धुते. ताई, पाणी फार कढत आहे, असंही म्हणतो कधी. पण निघण्याआधी, मी काही विचारलेलं नसताना, तो आपल्या बादलीचं झाकण काढतो आणि ती तिरकी करून मला आत दाखवतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, राहू दे रे, बघायचं नाही मला. तरी त्याने दाखवली. आता मी वाकते आणि आत बघते. बादली रिकामी असते.